जुना टेनर ट्रॉम्बोन (सरकत्या नळीचं, फुंकून वाजवायचं पितळी वाद्य) वाजवायला घ्यायचाय, कॉन कंपनीचा ८८एच की किंग कंपनीचा ३बी? आणि तपासायचं काय?

ऑर्केस्ट्रासाठी ८८एच, जॅझसाठी ३बी. ८८एचचा बोअर (नळीच्या आतला व्यास) ०.५४७ इंच, ३बीचा ०.५०८. संग्राहक कॉनच्या जुन्या कारखान्यात, अमेरिकेतल्या एल्खार्टमध्ये घडलेल्या ८८एचला जास्त मोल देतात; १९७०च्या सुमारास कॉनचं उत्पादन टेक्सासमधल्या ॲबिलीनला गेलं.

पण नाव नंतर, आधी स्लाइड, म्हणजे सरकती नळी! ती उभी धरून कुलूप उघडा, खाली हात ठेवा. बाहेरची नळी आपल्याच वजनानं, न अडखळता सरकली पाहिजे. आतल्या नळीवरचा मुलामा झिजलाय का, तेही बघा. पितळेवर गुलाबी ठिपके असतील तर जस्त झिरपून गेलंय, धातू आतून कुजतोय; असं वाद्य कितीही स्वस्त मिळालं तरी मी घेणार नाही. बेलचे (पुढच्या पसरट तोंडाचे) पोचे कारागीर काढतो. लॅकर (धातूवरचा पारदर्शक लेप) नव्यानं चढवलं असेल तर संग्राहकाच्या लेखी किंमत घटते, वाजवणाऱ्यानं त्याची फार चिंता करू नये.