'झिरो इयर' म्हणजे वाया गेलेलं वर्ष का?

"ताई, सरळच विचारतो," शिरीषराव म्हणाले, "हे झिरो इयर म्हणजे नापासांचाच वर्ग ना?"

२०२४ च्या एप्रिलमधला शनिवार होता. मी इंग्लंडातल्या लेस्टर शहरात एका कॉलेजात करिअर सल्लागार आहे. शनिवारी सकाळी ओळखीतली, ओळखीच्यांच्या ओळखीतली मराठी मंडळी मुलांना घेऊन घरी येतात. तो हिशेब वेगळा, चहापोह्यांवर चालतो. त्या दिवशी टेबलाशी शिरीषराव, वैशाली आणि मधे त्यांची मुक्ता. नावं बदलली आहेत, आणखी दोन-चार तपशीलही. प्रश्न मात्र जसाच्या तसा आहे, कारण तो मला दर उन्हाळ्यात किमान पाच-सहा घरांतून येतो. विद्यापीठाने तीन वर्षांऐवजी चार वर्षांचा कोर्स देऊ केला, पहिलं वर्ष 'फाउंडेशन'चं. मग मूल मागे पडलं का? एक वर्ष आणि त्या वर्षाची फी पाण्यात गेली का?

मुक्ता इथेच वाढलेली. आदल्या ऑगस्टमधला तिचा ए-लेव्हलचा, म्हणजे इथल्या बारावीचा, निकाल असा: मानसशास्त्रात बी, समाजशास्त्रात बी, बिझनेसमध्ये सी. विद्यापीठ प्रवेशांचं काम बघणाऱ्या यूकॅस या संस्थेच्या मोजमापात ४०, ४० आणि ३२, एकूण ११२ गुण. कुठल्याही हिशेबाने नापास नाही. बाबांच्या शब्दाखातर तिने अकाउंटन्सीला प्रवेश घेतला, वसतिगृहात राहायला गेली आणि फेब्रुवारीत दोन बॅगा घेऊन घरी परत आली. दुसरं सत्र सुरू झालेलं होतं म्हणून अर्ध्या वर्षाची फी लागलीच. आता तिला फॉरेन्सिक इन्व्हेस्टिगेशन, म्हणजे गुन्ह्याच्या जागेवरचे पुरावे शोधण्या-तपासण्याचं शिक्षण, करायचं होतं.

"टीव्हीचा परिणाम," शिरीषराव म्हणाले. खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं होतं. तरी मी मुक्ताला विचारलं.

तिने इंग्रजी-मराठीची खिचडी करत जे सांगितलं, ते आईवडिलांनीही पहिल्यांदाच ऐकलं. ती पंधरा वर्षांची असताना त्यांच्या घरी चोरी झाली होती. या शहरात भारतीयांच्या घरी सोनं असतं हे चोरांनाही ठाऊक आहे. मागची खिडकी उचकटून आत शिरले आणि आजीचं मंगळसूत्र आणि पाटल्या गेल्या. साताऱ्याहून आलेली आजी तेव्हा इथेच होती. पोलिसांना फोन झाल्यावर आजीने काय करावं? घरात परके लोक येणार म्हणून फरशी पुसून घेतली आणि सिंकमधले कप विसळून ठेवले. नंतर एक बाई आली, हातात मोठी पेटी. गणवेशातली पोलीस नव्हे. तिने खिडकीच्या चौकटीवर मऊ ब्रशने चंदेरी भुकटी फिरवली. काही नव्हतं तिथे रेघा उमटल्या. त्यावर चिकटपट्टी दाबून तिने त्या उचलून घेतल्या. मुक्ता तासभर दारात उभी राहून बघत होती. "शी वॉज सो काम, काकू. सगळे रडत होते, आणि ती फक्त बघत होती."

एवढं पुरेसं होतं. टीव्हीचा मुद्दा मी तिथेच सोडला.

आता शिरीषरावांच्या प्रश्नाकडे. इंग्लंडात शिक्षणाच्या पायऱ्यांना नंबर आहेत. ए-लेव्हल तिसऱ्या पायरीवर, पदवीची तीन वर्षं चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या. फाउंडेशन इयर हे विद्यापीठात बसून केलेलं तिसऱ्या पायरीचं वर्ष. म्हणून त्याला झिरो म्हणतात. पदवीचं मोजमाप त्याच्या पुढून सुरू होतं. पास झालं की त्याच कोर्सच्या पहिल्या वर्षात जायचं. शेवटी हातात पडणारी बीएस्सी इतरांसारखीच, आणि पदवीचा वर्ग ठरवताना या वर्षाचे गुण धरत नाहीत. हे वर्ष दोन तऱ्हेच्या मुलांना लागतं. एकाला गुण कमी पडलेले असतात. दुसऱ्याला गुण पुरतात, पण विषय नसतो. मुक्ता दुसरी. तिच्या तीन विषयांत रसायनशास्त्र नाही, जीवशास्त्र नाही.

एक गोंधळ इथेच मिटवते, कारण तो मला दर वेळी मिटवावा लागतो. फाउंडेशन इयर वेगळं आणि फाउंडेशन डिग्री वेगळी. फाउंडेशन डिग्री ही दोन वर्षांची स्वतंत्र पदवी असते. नावात साम्य आहे म्हणून एका कुटुंबाने भलताच फॉर्म भरून ठेवलेला मी पाहिला आहे.

शिरीषराव तयारीनिशी आले होते. काही विद्यापीठं मानसशास्त्रालाच विज्ञान धरतात आणि फॉरेन्सिकच्या पहिल्या वर्षाला थेट घेतात, अशी दोन नावं त्यांनी शोधून आणली होती. "मग चार वर्षं कशाला? सरळ तीन करू दे."

त्यावर मी मुक्ताला एक प्रश्न विचारला. एका विद्यापीठाच्या ओपन डेला त्यांच्या 'क्राइम सीन हाउस'मध्ये मी तो ऐकला होता. टीसाइड, स्टॅफर्डशायर अशा विद्यापीठांनी आख्खी घरंच या सरावासाठी ठेवली आहेत. बेडरूममध्ये पुतळा, गालिच्यावर खोटं रक्त, दाराशी पांढरे झगे घातलेली मुलं. प्रश्न असा: रक्ताने ओला झालेला शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत सील करून का ठेवायचा नाही?

"ठसे पुसले जातील?" मुक्ता म्हणाली.

नाही. ओल कोंडते, जंतू वाढतात, बुरशी धरते आणि कापडावरचा डीएनए हळूहळू मोडत जातो. म्हणून आधी वाळवायचा आणि कागदी पिशवीत ठेवायचा. आपल्याकडे पालेभाजी ओली असताना कुणी पिशवीत बांधून ठेवत नाही, तसंच. पुरावा उचलणाऱ्याला यामागचं कारण माहीत नसेल, तर प्रयोगशाळा कितीही भारी असो, तिच्या हातात सडकं कापड पडणार.

मग शिरीषरावांना मी आमच्याच शहराची गोष्ट सांगितली. डीएनएवरून माणूस ओळखण्याची रीत १९८४ साली ॲलेक जेफ्रीस यांना लेस्टर विद्यापीठातच सापडली. इथून जवळच नारबरो आणि एंडरबी ही गावं आहेत. गुन्ह्याच्या तपासात ती रीत पहिल्यांदा वापरली गेली ती तिथल्या दोन मुलींच्या खुनांच्या वेळी. त्या तपासात डीएनएने आधी केलं काय, तर पोलिसांनी धरलेल्या, आणि त्यातल्या एका खुनाची कबुलीही देऊन बसलेल्या मुलाला सोडवलं. खरा गुन्हेगार नंतर सापडला आणि १९८८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. ही गोष्ट ऐकल्यावर शिरीषराव थोडा वेळ काही बोलले नाहीत. मुक्ताने मात्र लगेच विचारलं, "पण तो खोटं का बोलला, की मी केलं म्हणून?" मानसशास्त्रातला बी उगाच मिळालेला नव्हता.

थेट पहिल्या वर्षाला गेली असती तर रसायनशास्त्राच्या पहिल्याच सत्रात तिची दमछाक झाली असती, असं माझं मत. आणि एकदा बॅगा घेऊन परत आलेल्या मुलीला दुसऱ्यांदा तसं परत येऊ द्यायचं नाही, हा माझ्या डोक्यातला मोठा हिशेब होता.

पैशांचा हिशेब वैशालीने काढला. तोवर ती गप्प होती. इंग्लंडातलं सरकारी विद्यार्थी-कर्ज साधारणपणे कोर्सची जितकी वर्षं, अधिक एक, वजा आधी शिकलेली वर्षं, इतकं मिळतं. आधीचं वर्ष अर्धवट सोडलेलं असलं तरी सहसा पूर्ण धरतात. चार अधिक एक, वजा एक: चार. म्हणजे मुक्ताच्या चारही वर्षांची फी कर्जातून भागत होती, पण ते अधिकचं एक राखीव वर्ष संपलेलं होतं. आता नापास झाली तर ते वर्ष घरच्या खिशातून. वैशालीने हे वहीत मांडून दाखवलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

फी तेव्हा वर्षाला ९,२५० पौंड. शिरीषरावांचा जीव त्या आकड्यात अडकला होता. आपल्याकडे कर्ज म्हणजे दारात उभा सावकार. हे कर्ज तसं नाही. मुक्ताच्या वेळच्या नियमाप्रमाणे वर्षाला २५,००० पौंडांच्या वर जे कमवाल, त्या वरच्या भागाचे ९ टक्के कापले जातात आणि ४० वर्षांनी उरलेलं माफ होतं. पगार २८,००० असेल तर वरचे ३,०००, त्याचे वर्षाला २७० पौंड, महिन्याला साडेबावीस. डोक्यावर तीन वर्षांचं कर्ज असो की चार, त्या महिन्याचा हप्ता तेवढाच. फेडायचे दिवस वाढू शकतात, हेही मी सांगितलं. गोड बोलून विकायला मी काही एजंट नाही.

उलट माझा स्वतःचा कल तिसऱ्याच वाटेकडे होता. एकोणीस वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी इथल्या कॉलेजांत 'ॲक्सेस टू हायर एज्युकेशन' हा वर्षाचा डिप्लोमा असतो. विज्ञानाचाही मिळतो. फी विद्यापीठापेक्षा पुष्कळ कमी, त्यासाठी घेतलेलं कर्ज पुढे पदवी पूर्ण केली की माफ होतं, आणि तो दाखवून अनेक विद्यापीठांत अर्ज करता येतो. फाउंडेशन इयर मात्र सहसा त्याच विद्यापीठात पुढे नेतं. कागदावर ॲक्सेस सरस होता. मी तसं ठासून सांगितलं.

मुक्ता म्हणाली, "काकू, मला परत कॉलेजात बसायचं नाही. माझे फ्रेंड्स सेकंड इयरला जातील. मला युनिव्हर्सिटीत असायचंय."

शिरीषराव चिडले. "लोक काय म्हणतील म्हणून नऊ हजार पौंड?" पण मला ते कारण हलकं वाटलं नाही. फेब्रुवारीपासून ही मुलगी दुपारी बारापर्यंत झोपत होती, हे वैशालीने मला फोनवर आधीच सांगितलं होतं. घरातून बाहेर पडून कुठेतरी 'आपली' म्हणून बसणं ही तिची त्या घडीची गरज होती. मी ॲक्सेसचा आग्रह सोडला. मागे वळून पाहता बरं झालं सोडला.

त्याऐवजी तिला घरचा अभ्यास दिला. हातात दोन ऑफर होत्या. दोन्हींच्या फाउंडेशन वर्षात नेमके कोणते विषय आहेत आणि ते पास झाल्यावर कोणकोणत्या पदवीकडे जाता येतं, हे विद्यापीठाला मेल करून लेखी विचार. पदवीला चार्टर्ड सोसायटी ऑफ फॉरेन्सिक सायन्सेसची मान्यता आहे का, तेही बघ.

दहा दिवसांनी ती उत्तरं घेऊन आली. एका ठिकाणचं फाउंडेशन फक्त इन्व्हेस्टिगेशनकडेच नेत होतं आणि त्यात निबंधलेखन जास्त, प्रयोगशाळा नावाला. दुसऱ्या ठिकाणचं विज्ञानाच्या सगळ्या मुलांचं मिळून होतं: रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित, आठवड्याला प्रयोगशाळा. ते संपवून इन्व्हेस्टिगेशन, फॉरेन्सिक सायन्स किंवा जीवशास्त्र, काहीही घेता येत होतं. पहिल्या विद्यापीठाची माहितीपुस्तिका कितीतरी देखणी होती. मुक्ताने दुसरं निवडलं.

नोकरीचं मी झाकून ठेवलं नाही. पदवीधर जास्त आणि जागा कमी असं हे क्षेत्र आहे. सरकारी फॉरेन्सिक सायन्स सर्व्हिस २०१२ मध्ये बंद झाली आणि प्रयोगशाळांचं बरंचसं काम खासगी कंपन्यांकडे गेलं. घटनास्थळी जाणारे सीएसआय, म्हणजे क्राइम सीन इन्व्हेस्टिगेटर, बहुतेक पोलीस दलाचे बिनगणवेशी कर्मचारी असतात. त्यांचा रोजचा दिवस खुनांत जात नाही. घरफोड्या, चोरलेल्या गाड्या, रात्रपाळ्या आणि कोर्टात साक्ष यांत जातो. पोलीस दल नोकरीत घेताना व्हेटिंग, म्हणजे पार्श्वभूमीची तपासणी, करतं. त्यात पैशांचे व्यवहारही बघतात, त्यामुळे क्रेडिट कार्डं थकवू नकोस, असं मी मुक्ताला बजावलं. आणि गाडी चालवण्याचा परवाना लागतो. तो तिच्याकडे नव्हता. चार वर्षांची पदवी ठरवताना याचा विचार घरात कुणीही केलेला नव्हता.

(हा अनुभव सांगितला की पुण्याहून हमखास फोन येतो: भाचीला तिकडे पाठवू का? या विषयासाठी मी सहसा नाही म्हणते. परदेशी विद्यार्थ्याला इथली फी कितीतरी जास्त, सरकारी कर्ज नाही आणि पोलिसांतल्या नोकरीच्या आड व्हिसा येतो. तिकडे मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला सरकारी न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. म्हणजे काम तिकडे वाढणार आहे.)

राहता राहिली आजी. तिला साताऱ्याला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तेव्हा ती पहिलं वाक्य बोलली ते, "मढ्यापाशी जाणार का ही पोर? आणि मग तिच्याशी लग्न कोण करील?" यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. समुपदेशनात ते शिकवत नाहीत.

मुक्ता सप्टेंबरमध्ये गेली. नोव्हेंबरात तिचा एक फोन आला, रडत. रसायनशास्त्रातलं मोल्सचं गणित जमत नाही म्हणून. ऑनलाइन शिकवणी लावली, शिरीषराव स्वतः रात्री तिच्याबरोबर गणितं सोडवायला बसू लागले. जूनमध्ये रसायनशास्त्रात ५४, बाकी साठीच्या पुढे. आता ती पहिल्या वर्षाला आहे, इन्व्हेस्टिगेशनलाच. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दोनदा नापास झाली आहे.

दिवाळीत घरी आली तेव्हा तिने एका काचेच्या पेल्यावर भुकटी फिरवून आजीला कॅमेऱ्यातून ठसे दाखवले. आजी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी मी फरशी पुसली नसती, तर सापडलं असतं का गं?"

"बुटाचा ठसा मिळाला असता कदाचित, आजी," मुक्ता म्हणाली. "मंगळसूत्र नसतं मिळालं."