वाचकांचे प्रश्न : आधी पाय धुवायचे, मग फळा

प्रश्न : ताई, मी मिशनच्या शाळेत शिकवते. यंदा दुष्काळाने पोरं गळतायत, आम्हा शिक्षकांचाही धीर सुटतोय. चर्चमध्ये सांगतात, सेवक होऊन नेतृत्व करा. म्हणजे नेमकं करायचं काय?

उत्तर : अहो, तुमचा प्रश्न वाचला आणि मला थेट पुणे जिल्ह्यातलं पंडिता रमाबाईंचं केडगावच आठवलं. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या, उपाशी निराधार मुलींना घेऊन आल्या, आणि त्यांचे स्वतःचे आईवडीलही दुष्काळातच गेलेले ना, त्यामुळे भूक म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. आधी जेवण, औषध, मगच अक्षरं. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे रमाबाईंच्या निराधार बायका-मुलींच्या आश्रमात, त्याच मुली विणकाम शिकल्या, छापखाना चालवायला लागल्या, रमाबाईंनी केलेलं मराठी बायबल तिथेच छापलं गेलं! येशूने शिष्यांचे पाय धुतले ते मला तरी असंच दिसतं, गुरूने आधी खाली वाकायचं.

तुम्ही आधी गैरहजर पोरांच्या घरी जा, एकट्या नको, दोघी-तिघी मिळून, ‘शाळेत का नाही आलास’ असं विचारूच नका, जेवलास का ते विचारा. आणि दमलात तर सहकाऱ्यांना सांगा, रमाबाईंनाही सोबतीणी लागल्याच होत्या.