एकटीने व्हिएतनाम : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे व्हिएतनामविषयी असल्यामुळे हा भाग त्याच देशाला दिला आहे. मी तेथे दोनदा एकटीने हिंडले आहे आणि पुढील उत्तरे प्रामुख्याने त्या अनुभवावरून लिहिली आहेत.

प्रश्न : मी ५८ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. मार्चमध्ये १२ दिवस एकटीनेच व्हिएतनामला जावे, असे मनात आहे. हनोई, सापा, हा लाँग उपसागर, ह्वे, होई आन, हो ची मिन्ह सिटी आणि मेकाँगचा त्रिभुज प्रदेश असा बेत आखला आहे. घरच्यांचा आग्रह मात्र सहल कंपनीबरोबर जाण्याचा आहे. एकट्या बाईने तेथे जाणे कितपत सुरक्षित आहे?

उत्तर : आपण एकट्याच जा, असे मी निःशंकपणे सांगेन. हनोईतील होआन किएम तळ्याभोवती मी रात्री नऊनंतरही फेऱ्या मारल्या आहेत. शनिवार-रविवारी तेथील रस्ते वाहनांना बंद असतात आणि आजीपासून नातवापर्यंत सगळे घर तेथे उतरलेले असते. जपायचे असते ते मुख्यतः मोबाइलला. हो ची मिन्ह सिटीत दुचाकीवरून येऊन हातातला फोन हिसकावून नेण्याचे प्रकार घडतात, म्हणून नकाशा पाहायचा झाल्यास रस्त्याच्या कडेला उभे न राहता एखाद्या दुकानात शिरावे.

माझी हरकत आहे ती आपल्या बेताला. सहल कंपनीबरोबर असताना सामान, तिकिटे आणि मुक्काम यांची काळजी दुसरे कोणी वाहते. एकटीने गेल्यावर गाव बदलायचे म्हणजे अर्धा दिवस त्यातच जातो. १२ दिवसांत सात ठिकाणे धरली, तर पाहण्यापेक्षा बॅग भरण्यात आणि उपसण्यातच आपण थकून जाल. या खेपेस सापा आणि मेकाँग सोडून द्या, जमल्यास हो ची मिन्ह सिटीही फक्त परतीच्या विमानापुरती ठेवा आणि वाचलेले सगळे दिवस देशाच्या मध्यभागाला, म्हणजे ह्वे आणि होई आनला द्या. मार्चमध्ये तेथे पाऊस कमी असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये याच भागात पूर येतात.

हनोईहून ह्वेला रात्रीच्या रेल्वेने जावे. हनोई ते हो ची मिन्ह सिटी हा लोहमार्ग १,७२६ किलोमीटरचा असून तो १९३६ मध्ये पूर्ण झाला. युद्धकाळात तुटलेली सलग वाहतूक १९७६ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. चार बर्थच्या डब्यात खालचा बर्थ घ्यावा. ह्वे ते होई आनजवळचे दा नांग हा सुमारे शंभर किलोमीटरचा टप्पा मात्र दिवसाउजेडीच करावा आणि डावीकडची खिडकी मागून घ्यावी, कारण हाय वान घाटाखालून गाडी डोंगराच्या कडेकडेने सावकाश जाते आणि खाली थेट समुद्र असतो. माझ्या समोरच्या बाकावरच्या आजींनी पोमेलो सोलून त्याच्या फोडी न विचारता माझ्या हातावर ठेवल्या. आम्हा दोघींना एकमेकींचा एकही शब्द कळत नव्हता, पण तीन तास आमचे बोलणे चालू होते.

होई आनला किमान तीन रात्री राहा आणि त्यातली एक सकाळ ‘मी सन’ नावाच्या प्राचीन मंदिरसमूहासाठी राखून ठेवा. मध्य व्हिएतनाममधील प्राचीन चंपा राज्याचे हे शिवस्थान होई आनपासून साधारण ४० किलोमीटरवर आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्मन राजाने येथे भद्रेश्वराची स्थापना केली आणि पुढे तेराव्या शतकापर्यंत येथे देवळे उभी राहत गेली. तांबड्या विटा एकमेकींवर इतक्या चपखल बसवल्या आहेत की सांध्यात चुना शोधूनही दिसत नाही. १९६९ मधील अमेरिकी बॉम्बफेकीत येथील सर्वांत भव्य मंदिर कोसळले. बॉम्बने पडलेले खड्डे अजून तेथेच आहेत आणि त्यांत गवत माजले आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने येथे जीर्णोद्धाराचे काम केले असून त्या कामात २०२० मध्ये नवव्या शतकातील एकसंध वालुकाश्माचे शिवलिंग सापडले. अभिषेकाचे पाणी वाहून जाण्यासाठी कोरलेली पन्हळ पाहताना मी बराच वेळ जागची हलले नाही. ऊन चढण्याआधी, पहाटेच निघा. दुपारी गर्दी आणि उकाडा दोन्ही असह्य होतात.

व्हिसा इंटरनेटवरूनच मिळतो आणि ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंत दिला जातो. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करावा आणि नाव पासपोर्टवर आहे तसेच, त्याच क्रमाने भरावे.

पैशांबाबत एकच गोष्ट ठसवून सांगते. २० हजार दोंग आणि ५ लाख दोंग या दोन्ही नोटा निळ्या आहेत आणि दोन्हींवर हो ची मिन्ह यांचेच चित्र आहे. होई आनमध्ये पाव घेताना मी चुकून ५ लाखांची नोट दिली. विक्रेतीने ती परत माझ्या हातात ठेवली, माझ्याच पाकिटातली २० हजारांची नोट बाहेर काढायला लावली, तिच्या मागच्या बाजूला छापलेल्या पुलावर बोट ठेवले आणि मग समोरच्या खऱ्याखुऱ्या जपानी पुलाकडे हात केला. तेव्हापासून मी पूल पाहूनच नोट देते. ५ लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवल्या, तर आणखी उत्तम.

प्रश्न : मी पूर्ण शाकाहारी आहे. तेथे उपाशी राहावे लागेल का?

उत्तर : मुळीच नाही, पण ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, कारण माशांपासून केलेला नुओक माम नावाचा पातळ रस भाजीतही पडतो. ‘तोइ आन चाय’, म्हणजे ‘मी शाकाहारी आहे’, एवढे वाक्य पाठ करावे. ‘चाय’ हा शब्द तेथे बौद्धांच्या शाकाहारी जेवणासाठी वापरतात आणि ‘कोम चाय’ अशी पाटी असलेल्या खानावळी बहुतेक गावांत भेटतात. चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला अनेक लोक मांसाहार वर्ज्य करतात, त्यामुळे त्या दिवशी असे जेवण सर्वत्र सहज मिळते. ह्वे हे तर जुन्या पॅगोडांचे गाव असल्याने तेथील शाकाहारी स्वयंपाक मला सर्वांत सरस वाटला. जेवण पौर्णिमेच्या आदल्या रात्री होई आनला होईल असे जमवलेत, तर जुन्या गावातले विजेचे दिवे मालवून केवळ कंदील लावलेलेही पाहायला मिळतील.

प्रश्न : हाय वान घाट स्वतः स्कूटर भाड्याने घेऊन चढण्याची इच्छा आहे. भारतातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून नेला तर चालेल ना?

उत्तर : चालणार नाही. आपल्याकडे मिळणारा परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला असतो, तर व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेले परवाने मान्य करतो. स्कूटर भाड्याने देणारे बहुधा परवाना विचारतही नाहीत, पण अपघात झाल्यास वैध परवाना नसल्याच्या कारणावरून विमा कंपनी भरपाई नाकारू शकते आणि परक्या देशात एकट्या माणसाला रुग्णालयाचा खर्च झेपणारा नसतो. ह्वे आणि दा नांग या दोन्ही ठिकाणी चालकासह मोटारसायकल मिळते. मागे बसून, वाटेत लांग कोच्या खाजणापाशी आणि घाटमाथ्यावरच्या जुन्या वेशीपाशी थांबत हा घाट पार करा. रस्त्यावर नजर ठेवण्याचे काम चालकाचे असल्याने समुद्र मनसोक्त पाहता येतो.