जिमी व्हाइट कधीही जगज्जेता झाला नाही, तरी स्नूकरमधील मोठ्या खेळाडूंत त्याची गणना का होते?

लंडनच्या टूटिंग भागात वाढलेल्या या डावखुऱ्या खेळाडूने 1980 मध्ये, अवघ्या 18 व्या वर्षी, जागतिक हौशी विजेतेपद मिळवले आणि 1984 मध्ये मास्टर्स स्पर्धाही जिंकली. त्याच वर्षी जागतिक अंतिम सामन्यात स्टीव्ह डेव्हिसविरुद्ध 4-12 फ्रेम (म्हणजे डाव) असा मागे पडूनही त्याने लढत 16-18 पर्यंत खेचली. पुढे 1990 ते 1994 अशी सलग पाच वर्षे तो अंतिम फेरीत पोहोचला आणि प्रत्येक वेळी हरला. त्यांपैकी चार पराभव स्टीफन हेंड्रीकडून झाले. 1992 मध्ये व्हाइटकडे 14-8 अशी आघाडी असताना हेंड्रीने सलग दहा फ्रेम जिंकल्या, तर 1994 मध्ये, नेमक्या व्हाइटच्या 32 व्या वाढदिवशी, निर्णायक फ्रेममध्ये आघाडीवर असताना त्याच्याकडून स्पॉटवरचा सोपा काळा चेंडू हुकला.

माझ्या मते हे अपयश गुणवत्तेचे नव्हे. 1992 मध्येच त्याने जागतिक स्पर्धेच्या क्रूसिबल या सभागृहात 147 गुणांचा ब्रेक (एकाच खेळीतील कमाल गुण) केला, जो तिथे त्यापूर्वी केवळ क्लिफ थॉर्बर्नला जमला होता, आणि यूके चॅम्पियनशिपही जिंकली. मानांकन स्पर्धांची (जागतिक क्रमवारीसाठी धरल्या जाणाऱ्या) एकूण दहा विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. प्रेक्षकांना मात्र आकड्यांपेक्षा त्याचा वेगवान, धोका पत्करणारा खेळच अधिक भावला.