वहीतला आठवा रकाना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा तू वही इथंच विसरून गेलास. विसरलास की मुद्दाम ठेवून गेलास हे तूच जाणे, पण मी ती वाचली. पट्टीनं आखलेले सात रकाने : विद्यापीठ, रँकिंग, फी, हॉस्टेल, प्रवेश परीक्षा, नेट-जेआरएफ किती जण झाले, आणि शेवटी ‘एकंदर वातावरण’. खाली पाच ओळी : पुणे, मुंबई, कोल्हापूर, दिल्लीचं जेएनयू, हैदराबाद. कष्ट घेतलेत, कबूल. पण वहीच्या शेवटच्या पानावर, उलट्या बाजूनं, पेन्सिलीनं लिहिलेलं एक वाक्य सापडलं, ‘पेशवाईतला खानदेशचा महसूल?’ आणि पुढे प्रश्नचिन्ह. तुझ्या सात रकान्यांत या वाक्याचा मागमूस नाही. वातावरणाला रकाना आहे, खानदेशाला नाही! माझं डोकं फिरलं ते त्यामुळं, म्हणून हे पत्र.

घरचे काय म्हणतात ते तू सांगितलंस. त्यावर मी काही बोलणार नाही. इतिहास घ्यायचा की नाही हा प्रश्न आपल्या दोघांपुरता कधीच संपला आहे. आता फक्त कुठं, एवढंच.

माझं म्हणणं एका वाक्यात मावतं आणि मी ते तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. ज्या काळात जायचं, त्या काळाचा कागद स्वतःच्या डोळ्यांनी वाचता आला पाहिजे. ते जिथं शिकवतात, किंवा निदान जिथं राहून शिकता येतं, तिथं जायचं. आधी कागद ठरव. विद्यापीठ त्याच्या मागून येतं.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी दूरच्या एका मोठ्या शहरात गेले, कारण त्या विभागाचं नाव मोठं होतं. दोन वर्षं सुखाची गेली, खोटं कशाला बोलू. रात्र रात्र वाद, चहा, सरंजामशाही हा शब्द भारताला लागू पडतो की नाही यावर भांडणं. परत आले ती डोक्यात प्रश्न खच्चून भरून, आणि एकाही प्रश्नाचं उत्तर ज्या लिपीत लिहिलेलं होतं ती लिपी न शिकता. पीएच.डी.ला विषय घेतला तोच, जो तू पेन्सिलीनं लिहिलायस. म्हणून तर ते वाक्य वाचून दचकले. मार्गदर्शक म्हणाले, छापील साधनं भरपूर आहेत, मोडीच्या नादाला लागू नकोस, वर्षं वाया जातील. मला ते ऐकायला बरं वाटलं. दोष त्यांना देऊन मोकळी होऊ शकते, पण ऐकणारी मीच होते.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पिशवीतून एक फोटो काढला. मोडीतला कागद, सात-आठ ओळींचा. ‘वाचा,’ म्हणाले. मी बघत राहिले. एकही उभी रेघ ओळखीची नाही. खोलीत पंख्याचा आवाज. त्यांनी तो फोटो परत पिशवीत ठेवला, दोन सोपे प्रश्न विचारले आणि अभिनंदन केलं. पदवी मिळाली. ती भिंतीवर लावलेली तू कधी पाहिली नाहीस, आता कारण कळलं असेल.

पण खरी फजिती नंतरची आहे. त्रेचाळिसाव्या वर्षी मी मोडीच्या वर्गाला बसले. शेजारी निवृत्त तलाठी, एक वकील, आणि वाड्यातली कागदपत्रं लावून घ्यायला आलेले दोन भाऊ. आधी लांबच लांब शिरोरेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगत जायचं, हात न उचलता. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. ‘दिन’ की ‘दीन’ हे कागद सांगत नाही, ते तू ठरवायचं. आणि त्याहून अवघड तारखा. पेशव्यांच्या दफ्तरात सुहूर सन चालतो, वर्ष अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहिलेलं असतं. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६० येतं. पण सुहूर वर्ष मृगाला सुरू होतं, तेव्हा जानेवारी लागला की ५९९ चालत नाही, ६०० मिळवावे लागतात. पानिपत झालं ते याच ११६१ मध्ये, १४ जानेवारी १७६१ ला. ५९९ मिळवून बसलास तर सदाशिवरावभाऊंना वर्षभर आधी मारशील. महिना आणि तिथी हिजरी, तिथीच्या आधी ‘छ’ हे अक्षर, म्हणजे चंद्र. तो हिजरी महिना त्या साली कुठल्या ऋतूत पडला हे ताडून पाहिल्याशिवाय इसवी तारीख हाती लागत नाही.

मी माझ्या प्रबंधात काय केलं होतं? एका जुन्या छापील संग्रहातल्या तारखा जशाच्या तशा उचलल्या होत्या. संपादकानं सरसकट ५९९ मिळवलेले. माझ्या एका प्रकरणाचा सगळा डोलारा असा होता की पुणे दरबारानं खानदेशातल्या काही गावांना महसुलात सूट दिली ती रयत गाव सोडायच्या आधी, म्हणजे सरकारला पुढचं दिसत होतं. मूळ कागद पुढ्यात आल्यावर कळलं की सुटीचा हुकूम उन्हाळ्यातला. एक वर्ष पुढे सरकला. रयत आधी परागंदा झाली होती, सूट मागून आली. दूरदृष्टी वगैरे काही नव्हती, गावं ओस पडल्यावरचा नाइलाज होता. चाळीस पानं एका बेरजेत गेली. कोणी पकडलं नाही, आजतागायत नाही. मीच एका छोट्या टिपणात ती दुरुस्ती छापली. ती कोणी वाचली असेल असं वाटत नाही.

म्हणून सांगते, आधी कागद.

आता तुझी वही या डोळ्यांनी पाहू. तुझा विषय खरंच पेशवाईतला महसूल असेल, तर पुण्याच्या ओळीत रँकिंग काय आहे ते खोडून टाक आणि लिही : पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर, आणि सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ, इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १९१० मध्ये काढलेलं. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ मध्ये दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले. ‘निवडक’ हा शब्द नीट वाच. उरलेलं अजून रुमालात, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधलेलं आहे, आणि त्यात मुख्यतः तेच आहे ज्यात लढाया नाहीत : हिशेब, ताळेबंद, गावचे झाडे म्हणजे तपशीलवार याद्या. म्हणजे तुझं. विद्यापीठाचा वर्ग सकाळी आटोपून दुपारी सायकलवर दफ्तरात पोचता येतं, हा एक मुद्दा तुझ्या सातही रकान्यांना पुरून उरतो.

आणि उद्या तुझं मन बदललं? बदलू दे, वीस वर्षांच्या मुलाचं मन बदलायलाच हवं. पण मग कागदही बदलतो आणि त्याबरोबर गावही. औरंगजेबाची दख्खन खुणावू लागली तर फार्सी हवी. शाहजहान-औरंगजेबाच्या काळातले दख्खनचे कागद हैदराबादच्या अभिलेखागारात आहेत, आणि मध्ययुगासाठी अलीगढचा विभाग फार्सी साधनांवरच उभा राहिलेला आहे. अलीगढ तुझ्या वहीत नाहीच. का नाही? कोणी सुचवलं नाही म्हणून. पोर्तुगीज आणि मराठे करायचं तर पणजी. तिथल्या पुराभिलेखागारात पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य घातलं, पण पोर्तुगीज आली नाही तर तू दारातूनच परत येशील. सातवाहन करायचे तर ब्राह्मी आणि प्राकृत, म्हणजे डेक्कन कॉलेज आणि नाणेघाटाची चढण. तंजावरच्या भोसल्यांचे मोडी कागद तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत, तिथं मोडीबरोबर तमिळही लागेल. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या गिरण्या किंवा सत्यशोधक चळवळ म्हणशील तर मुंबई. तिथं इंग्रजी आणि छापील मराठी पुष्कळ आहे म्हणून मोडी टळेल असं समजू नकोस. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लोक मोडी लिहीत होते. कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये सरकारला मोडी वाचणारे गोळा करावे लागले, तेव्हा ते पुरेसे सापडेनात, आणि सापडले त्यांत इतिहासाचे एम.ए. झालेले किती होते ते विचारू नकोस.

दिल्लीबद्दल तू मला विचारलंस आणि मी तोंड वाकडं केलं. ते चुकलं, थोडंसं. तिथं जे मिळतं ते इथं मिळत नाही हे मला माहीत आहे. मी त्यावरच जगले. कागद वाचता येतो पण त्याला विचारायचं काय हे कळत नाही, अशीही माणसं मी दफ्तरात पाहिलीत. रुमाल सोडतात, लिप्यंतर करतात, पुन्हा बांधतात. दिल्लीला गेलास तर प्रश्न धारदार होतील. जा. पण मग सुट्ट्यांत गावी येऊन लोकांच्या लग्नांना हिंडायचं नाही, मोडीच्या वर्गाला बसायचं, आणि तिथल्या तिथं फार्सी घ्यायची, श्रेयांक मिळोत वा न मिळोत. हे करणार असशील तर दिल्ली. नाही तर तू दुसरी मी होशील, आणि एक पुरे झाली.

‘राजवाडे कुठल्या विद्यापीठात होते?’ असं तू विचारणार, मला माहीत आहे, कारण मीही विचारायचे. कुठल्याच विद्यापीठात ते प्राध्यापक नव्हते. ते घोंगडी पांघरून गावोगावचे वाडे पालथे घालत हिंडले. सरदेसाई बडोद्याच्या गायकवाडांच्या नोकरीत होते. सेतुमाधवराव पगडी सरकारी अधिकारी होते. जदुनाथ सरकारांची एम.ए. इंग्रजी साहित्यातली. यातून ‘विद्यापीठ कुठलंही चालेल’ असा अर्थ काढायचा तर काढ, पण अर्धाच काढू नकोस. यातल्या प्रत्येकाला आपल्या मुख्य साधनांची भाषा स्वतः वाचता येत होती. सरकारांनी फार्सी शिकून घेतली आणि मराठीही, आणि मग सरदेसायांशी त्यांची जन्माची मैत्री जमली ती कागदांच्या देवघेवीतून.

मार्गदर्शकाविषयी दोनच गोष्टी. ते निवृत्त कधी होणार ते आधी विचार. लाज वाटू देऊ नकोस. आणि त्यांच्या शेवटच्या दोन-तीन विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर उघड. प्रस्तावना वाचू नकोस, मागची साधनांची यादी बघ. अप्रकाशित साधनांखाली दोन ओळी असतील आणि बाकी सगळी पुस्तकं, तर तिथून चालू पड, मग इमारत कितीही देखणी असो. मी ही यादी स्वतःच्या प्रबंधात बघते तेव्हा पान पटकन उलटते.

लोक म्हणतील, हिला तालुक्याच्या कॉलेजात तीस वर्षं काढावी लागली म्हणून ही मोठ्या नावांवर राग काढते. तूही म्हणशील कधीतरी. थोडं खरंही असेल. बदलीच्या दोन संधी आल्या होत्या, मी घेतल्या नाहीत. तेव्हा सासूबाई आजारी होत्या, हे एक कारण. दुसरं असं की, तोपर्यंत आमच्या तालुक्यातल्या एका देशमुखांच्या घरातली तीन गाठोडी मला मिळाली होती आणि मी ती लावायला घेतली होती. लोकांना सासूबाईंचं कारण पटायचं. गाठोड्यांचं मी कुणाला सांगितलंच नाही. मला खंत आहे ती तालुक्याची नाही, त्रेचाळिसाव्या वर्षाची आहे. ते काम बाविसाव्या वर्षी सुरू झालं असतं तर आज डोळ्यांना तिसरा चष्मा लागण्याआधी संपलं असतं. दीड गाठोडं अजून बाकी आहे. कुणाला तरी ते द्यायचं आहे, आणि मी काही प्रत्येक वही विसरणाऱ्या पोरासाठी एवढं लांब पत्र लिहीत नाही.

तर असं कर. अर्जाची मुदत संपायला अजून दिवस आहेत. पुण्याला एक फेरी मार. विद्यापीठात जाऊ नकोस, ते कुठं पळून जात नाही. दफ्तरात जा, खानदेशचा एखादा रुमाल मागव. ओळखपत्र आणि अर्ज लागेल, दोन चकरा होतील, तक्रार करू नकोस. रुमाल सोड आणि दोन तास नुसता बघत बस. काही कळणार नाही. दोन तासांनी कंटाळा आला तर मला फोन कर, आपण तुझ्यासाठी चांगलं हॉस्टेल शोधू. आणि नाही आला, तर फोनही करू नकोस, सरळ इकडे ये.

वहीत मी एक आठवा रकाना आखलाय, पेन्सिलीनं, पट्टी सापडली नाही म्हणून वाकडा. वर लिहिलंय ‘कागद कुठला, भाषा कुठली’. पुण्यासमोर मी भरलं आहे, बाकी चार तू भर. अलीगढसाठी खाली एक ओळ वाढवली आहे. सोबत एका पत्राची झेरॉक्स ठेवली आहे, नऊ ओळींची. शिरोरेघेवरचा ‘श्री’ ओळखू येईल, पुढचं येणार नाही. रविवारी सकाळी ये, पहिल्या तीन ओळी बसून लावू. बोरू आणण्याच्या भानगडीत पडू नकोस, हल्ली बरा मिळत नाही. जाड टोकाचं जेल पेन चालेल.

तुझ्या मॅडम