आधी पाऊस ऐकवा

या वेळी तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली, कारण तोच प्रश्न महिन्यातून दोनदा तरी कुणी ना कुणी दुकानात येऊन विचारतं.

प्रश्न : काका, वडील निवृत्त झाले म्हणून आम्ही हौसेनं 5.1 होम थिएटर घेतलं, पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक वूफर असलेलं. पाडव्याला चौदा माणसं जेवायला होती. जेवणं आटोपल्यावर मोठ्या मारधाडीचा एक चित्रपट लावला, आवाजही दणदणीत ठेवला. अर्ध्या तासात मावशी डोकं धरून आत गेल्या, आई म्हणाली, ‘बोलतात काय तेच कळंना,’ आणि भाऊजी मोबाइल काढून बसले. माझा फार विरस झाला. चांगला आवाज ऐकवायचा तर कोणते चित्रपट लावावेत?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ताई, पाडव्याला हॉलमध्ये कुलर चालू होता ना? पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण चैत्रात चौदा माणसं एका खोलीत म्हटल्यावर असणारच. मावशींची डोकेदुखी तिथंच सुरू झाली. चित्रपटात आधी कुजबुज असते, पाऊल वाजतं, दार करकरतं आणि मग एकदम स्फोट होतो. कुलरची घरघर ते सगळे बारीक आवाज गिळून टाकते. बोलणं ऐकू येईना म्हणून आपण रिमोटवर आवाज वाढवतो, आणि त्याच्याबरोबर पुढचा स्फोटही तेवढाच वाढतो. तो सरळ कपाळात बसतो. म्हणून पाहुण्यांना काही ऐकवायचं असेल तेव्हा रात्री खोली आधी गार करून घ्या, कुलर आणि पंखा बंद करा, दहा-पंधरा मिनिटांचाच एखादा प्रसंग लावा. पूर्ण चित्रपट नंतर, ज्यांना बघायचाय त्यांच्यासाठी.

आईंची तक्रार वेगळी आहे आणि ती खरी आहे. 5.1 मध्ये बहुतेक सगळं बोलणं मधल्या एकाच स्पीकरमधून येतं. तो तुमच्याकडं टीव्हीच्या शोकेसच्या खालच्या कप्प्यात असेल, फ्लॉवरपॉटच्या मागं. बाहेर काढा, कप्प्याच्या अगदी कडेला आणा, खाली रबराचा तुकडा घालून त्याचं तोंड बसलेल्या माणसाच्या कानाकडं करा. मग सेटिंगमध्ये फक्त मधल्याचा आवाज दोन-तीन डेसिबलनं वाढवा. आईंना पुन्हा विचारा.

आता चित्रपटांचं. माझी सुरुवात टॉकीजमधल्या ऑपरेटरच्या हाताखाली झाली. रिळं गुंडाळायची, प्रोजेक्टरच्या दिव्यातला कार्बन बदलायचा, पडद्यामागच्या भोंग्याची वायर उंदरांनी कुरतडली की रात्रीतून जोडायची. तेव्हा आवाज एकाच ठिकाणाहून यायचा. नंतर घरोघरी स्पीकर बसवायला लागलो तेव्हा मीही तुमच्यासारखंच करायचो. सगळ्यात मोठा धमाका शोधून लावायचो. एका घरानं मला शहाणं केलं.

2016 चा एप्रिल होता. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, ते दिवस. एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर काम होतं. स्पीकर बसवून झाले, तारा ओढल्या, आणि तपासायला म्हणून मी पेन ड्राइव्हवरचा एक पावसाचा प्रसंग लावला. आवाज मुद्दाम मध्यम ठेवला होता. घरच्या आजी दाराकडं पाठ करून भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे मिटलेले. आधी दोन-चार थेंब मागच्या डाव्या बाजूला पडले. मग उजवीकडं सर आली. आजी एकदम उठल्या, ‘अगं मिरच्या!’ म्हणाल्या आणि गच्चीच्या जिन्याकडं निघाल्या. वर काळ्या मसाल्याच्या मिरच्या वाळत घातल्या होत्या. सून धावली, हाताला धरून त्यांना परत आणलं. आजी खाली बसल्या आणि म्हणाल्या, ‘लावा तेवढं परत.’ मी तो प्रसंग तीनदा लावला. घरातलं कुणी बोललं नाही.

तेव्हापासून माझा नियम ठरला. माणसानं जन्मभर ऐकलेला आवाज ज्या प्रसंगात आहे, तो प्रसंग आधी लावायचा. डायनासोर कसा ओरडतो हे आपल्यापैकी कुणी ऐकलेलं नाही, त्यामुळं स्पीकर खरं सांगतोय की खोटं, हे आपल्याला ठरवता येत नाही. पत्र्यावरचा पाऊस, ओल्या फरशीवरचा खराटा, गल्लीतून लांब जाणारी हाक, डोक्यावरचा पंखा: यात मात्र तुमच्या मावशीही पारखी आहेत.

म्हणून पहिलं नाव ‘तुंबाड’चं, 2018 चा हिंदी चित्रपट. त्यातल्या गावाला पावसाचा शाप आहे, तिथला पाऊस खळतच नाही. वाड्याच्या आत बसलेल्या माणसाला बाहेरचा पाऊस कसा ऐकू येतो, आणि दार उघडलं की तोच पाऊस कसा अंगावर येतो, एवढंच ऐका. भीतीदायक आहे, लहान मुलं झोपल्यावर लावा.

मुलं असतील तर ‘ज्युरासिक पार्क’. हा 1993 चा, आणि डीटीएस, म्हणजे चहूबाजूंनी आवाज देणाऱ्या डिजिटल पद्धतीचा आवाज घेऊन आलेला पहिला चित्रपट. मी डायनासोरबद्दल आत्ताच बोललो ते मागं घेत नाही. मला त्यातला पाऊसच हवा आहे. गाडी बंद पडलीय, मुलं आत बसलीत, टपावर पाऊस वाजतोय. मग पेल्यातल्या पाण्यावर वलयं उठतात आणि लांबून एक धप्प येतो. त्या हल्ल्याच्या प्रसंगात पार्श्वसंगीत अजिबात नाही. संगीतानं भीती दाखवायची जी सवय आपल्याला लागलीय, ती तिथं मोडते. डोळे मिटून ऐका, गाडीचं छप्पर किती उंचावर आहे तेसुद्धा कळतं.

तिसरा ‘रोमा’, 2018 चा, मेक्सिकोचा. कृष्णधवल आहे, स्पॅनिश आहे, संथ आहे; भाऊजी कदाचित परत मोबाइल काढतील. तरी मी तो सुचवतो, कारण माझ्या मते आवाजाचं इतकं प्रामाणिक काम फार थोड्या चित्रपटांत आहे. सुरुवातीलाच फरशी धुतात. बादलीतलं पाणी फरशीवरून सरकत येतं आणि परत जातं, आणि वरून विमान जातं. पुढं घरात बसल्या बसल्या फेरीवाल्यांच्या हाका येतात, कुत्रं भुंकतं, रस्त्यानं बँड वाजत जातो. कॅमेरा वळला की हे सगळे आवाज खोलीभर फिरतात. वेगळं पार्श्वसंगीत यातही नाही. तुमच्या गल्लीत सकाळी भाजीवाली येते तेव्हा ती कुठल्या घरासमोर आलीय हे न बघता कळतं ना? अगदी तेच.

पंख्यासाठी ‘अपोकॅलिप्स नाऊ’ची पहिली पाच मिनिटं पुरेत, 1979 चा चित्रपट. वॉल्टर मर्च यांनी त्याचा आवाज घडवला. हेलिकॉप्टरच्या पात्यांचा आवाज खोलीत गोल फिरतो आणि बघता बघता छताच्या पंख्यात मिसळून जातो. मागचे स्पीकर बरोबर बसलेत की नाहीत, हे तिथं लगेच कळतं. फेरा एखाद्या ठिकाणी तुटला, तर तो स्पीकर सरकवा. बसायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागं, कानापेक्षा फूटभर वर, ही त्याची जागा. दुकानदार ते मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात छताला टांगून जातात, कारण तिथं खिळा आधीच असतो.

‘ग्रॅव्हिटी’ही बघा. अवकाशात हवा नाही, म्हणून बाहेरचा धमाका ऐकूच येत नाही. अंतराळवीराच्या हाताला जे लागेल त्याचा थरथराट तेवढा पोशाखातून कानात येतो. त्यात माणसांची बोलणीही मधल्या स्पीकरला चिकटून राहत नाहीत, कुणी मागून बोलतं, कुणी बाजूनं तरंगत जातं. आईंना मात्र हा नंतर दाखवा, बोलणं स्वच्छ ऐकू यायला लागल्यावर.

आणि आवाज नसणं ऐकायचं असेल तर ‘सैराट’चा शेवट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तेवढी गाणी, तेवढा ऑर्केस्ट्रा, आणि शेवटी बाळाच्या पावलांना आवाजच नाही. तिथं कुलरची घरघर चालू ठेवणं मला पाप वाटतं.

जुन्या मराठी चित्रपटांवर मात्र प्रयोग करू नका. ते मोनो आहेत, म्हणजे सगळा आवाज एकाच चॅनेलवर, आणि तो समोरूनच यायचा आहे. रिमोटवर ‘ऑल चॅनेल’ सारखं बटण असतं, ते दाबलं की लावणी मागून-पुढून सगळीकडून यायला लागते आणि नाचणारीण कुठं उभी आहे तेच कळत नाही.

शेवटचं, चौदा जणांना एकदम बसवू नका. पाचही स्पीकरचा मेळ खोलीत जिथं जमतो, तिथं सोफ्यावर तीन माणसं मावतात. मावशींना मधे बसवा.

प्रश्न : काका, मी इंजिनिअरिंगला आहे. माझे मागचे दोन स्पीकर मुकेच आहेत. यूट्यूबवर ‘5.1 टेस्ट’ लिहिलेले दहा व्हिडिओ लावले, सगळं समोरूनच येतं. बसवून देणारे म्हणतात वायरिंग ठीक आहे. चित्रपट बदलून उपयोग होईल का?
— एक विद्यार्थी, जालना

उत्तर : वायरिंग ठीक आहे की नाही ते तूच बघ. ॲम्पच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या मेनूत टेस्ट टोन असतो, तो एकेका स्पीकरमधून ‘खस्स’ असा आवाज फिरवतो. मागून तो आला, तर तारा शाबूत आहेत आणि बसवणारे खरं बोलतायत. मग दोष ॲम्पपर्यंत येणाऱ्या आवाजातच आहे. व्हिडिओच्या नावात काहीही लिहिलेलं असलं तरी यूट्यूबवर बहुतेक आवाज दोनच चॅनेलचा मिळतो, डावा आणि उजवा. पैसे भरून घेतलेल्या ॲपमध्ये चित्रपट लाव आणि भाषेच्या यादीत नीट बघ. पुष्कळदा मूळ भाषेपुढं 5.1 लिहिलेलं असतं आणि डबिंगपुढं काहीच नसतं. मग टीव्हीच्या ऑडिओ आउटपुटमध्ये जा. तिथं ‘पीसीएम’ असेल तर ते काढून ‘ऑटो’ किंवा ‘पास थ्रू’ कर. ऑप्टिकल वायर लावली असशील तर ती बदल: तिच्यातून साधा डॉल्बी डिजिटल, म्हणजे 5.1 आवाजाची जुनी पद्धत, जातो, पण ॲप देतात तो डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही. टीव्हीच्या ज्या एचडीएमआय खाचेवर ‘एआरसी’ लिहिलंय तिथून ॲम्पला वायर ने. मित्राकडून पेन ड्राइव्हवर आणलेल्या कॉप्यांवर विसंबू नकोस. आकार लहान करताना मागचे चॅनेल आधी उडवतात.

प्रश्न : आमचं मूळ गाव किल्लारीच्या बाजूला, भूकंपानंतर आम्ही औशाला आलो. मी नवा बारा इंची सबवूफर घेतलाय. मित्रांना त्याची ताकद दिसेल असा चित्रपट सांगा. अडचण अशी की वूफर सुरू झाला की आई उठून अंगणात जाऊन उभी राहते. काही बोलत नाही. आवाज कमी केला तरी परत येत नाही.
— एक वाचक, औसा

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, मी लातूरला घरी नुकताच आडवा झालो होतो. तो आवाज आधी तळपायांना कळला. मग मांडणीवरची पितळी ताटं वाजायला लागली, आधी एक, मग सगळी. कानांना गुरगुर त्यानंतर आली. मी लातूरला होतो, माझं घर उभं राहिलं. तुमच्या आई कुठं होत्या आणि त्यांच्या अंगावर कुठलं माळवद आलं, हे मला माहीत नाही.

वूफर त्याच पट्टीत बोलतो. साधारण 20 ते 120 हर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं, जिथं आवाज ऐकू येण्यापेक्षा अंगाला जास्त जाणवतो. 40 हर्ट्‌झची एक लाट साडेआठ मीटर लांब असते. तुमचा हॉल त्याच्या निम्मा असेल. ती लाट मावत नाही, कोपऱ्यात जाऊन फुगते आणि भिंतीपलीकडची भांडी हलवते. वूफर स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून कोपऱ्यात ठेवलाय का? असेल तर आजच हलवा. बाहेरच्या भिंतीकडं, कोपऱ्यापासून तीन-चार फूट लांब, खाली जाड रबर किंवा घडी घातलेली वाकळ. भांडी वाजायची थांबली, तर अर्धं काम झालं.

भूकंपाचा, इमारती कोसळण्याचा एकही चित्रपट त्या घरात लावू नका. मित्रांसाठी ‘मास्टर अँड कमांडर’ लावा, 2003 चा. ध्वनिसंकलनाचं ऑस्कर त्याला मिळालंय. धुक्यात उभं लाकडी जहाज, फळ्यांचा कण्हण्यासारखा आवाज, वरच्या मजल्यावरची पावलं, आणि मग धुक्यातून तोफा. वूफरची खरी ताकद त्या फळ्यांच्या आवाजात आहे, तोफ कुणीही वाजवतं. पण लावण्याआधी आईंना सांगा की आता असा आवाज होणार आहे, आणि त्या नको म्हणाल्या तर त्या दिवशी राहू द्या.

एखाद्या दुपारी, मित्र नसताना, वूफरची कळ शून्यावर ठेवून आईंच्या आवडीचं भजन लावा. त्या बसल्या की पखवाजाबरोबर कळ थोडी थोडी फिरवा. त्या ‘बास’ म्हणतील तिथं थांबा आणि कळीशेजारी चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा. त्या घरात असताना वूफर त्या पट्टीच्या पुढं न्यायचा नाही.