फ्रान्सला ये, पण संपाचं विचारतोस म्हणून सांगते

ताई म्हणालास आणि दिग्रसकडचा निघालास, म्हणून अरेतुरेच करते. तुझा प्रश्न असा की पुण्याची कंपनी फ्रान्सला पाठवतेय, सोबत बायको आणि सहा वर्षांची लेक आहे, पण टीव्ही लावला की तिथे संप, मोर्चे, पेटवलेल्या कचरापेट्या. तिथल्या लोकांना या संपवाल्यांचा राग येत नाही का? आणि आपल्यासारख्या बाहेरच्यांचे त्यात काय हाल? व्हिसा, विमा, घरभाडं हे सगळं सरकारी साइटवर नीट लिहिलेलं आहे, त्यात मी पडत नाही. तो रागाचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना, म्हणून एवढं लांबण लावतेय.

राग येतो. भरपूर येतो. पण कोणाचा आणि कशासाठी, यात फरक आहे.

२०२३च्या जानेवारीत इथल्या सरकारने निवृत्तीचं वय ६२वरून ६४ करायला घेतलं. १९ जानेवारीपासून संपाचे दिवस सुरू झाले. रेल्वे, शाळा, तेलशुद्धीकरण कारखाने, सगळेच उतरले. मार्चमध्ये पॅरिसच्या फुटपाथांवर दहा हजार टनांच्या आसपास कचरा साचला होता. ७ मार्चला देशभरात किती माणूस रस्त्यावर आला? गृहखातं म्हणालं १२ लाख ८० हजार, सीजीटी ही कामगार संघटना म्हणाली ३५ लाख. (आकड्यांची ही ओढाताण पाहून मला एकदम आपल्याकडच्यासारखं वाटलं.) जनमत चाचण्यांमध्ये दोनतृतीयांशाच्या आसपास लोक या बदलाच्या विरोधात होते. तरी १६ मार्चला पंतप्रधान बोर्न यांनी घटनेचं ४९.३ हे कलम वापरून मतदान न घेताच कायदा पुढे रेटला. २० तारखेला अविश्वास ठराव आला, तो नऊ मतांनी पडला. १४ एप्रिलला, कायदा घटनेत बसतो का हे तपासणाऱ्या घटना परिषदेने मुख्य तरतूद मान्य केली आणि त्याच रात्री राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी सही ठोकली. १७ तारखेला ते टीव्हीवर बोलायला बसले, तर लोक गावोगावी पातेली-तवे घेऊन चौकात. आपल्याकडे २०२०मध्ये थाळ्या पंतप्रधानांनी सांगितलं म्हणून वाजल्या, इथे राष्ट्राध्यक्षांचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून वाजत होत्या.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजीबाई राहतात, पोस्टातून निवृत्त झालेल्या. गुडघ्याचा व्यायाम करायला त्यांना ट्रामने जावं लागतं. ट्राम बंद. मी बाजारातून येत होते, त्या अर्ध्या रस्त्यात भिंतीला टेकून उभ्या, संपवाल्यांच्या नावाने तोंडाचा पट्टा चालू. थोडं पुढे मोर्चातली पोरं संपनिधीचा डबा घेऊन उभी होती. बाईंनी पर्स उघडली आणि पाच युरोंची नोट त्यात टाकली. मी म्हटलं, आत्ता तर शिव्या देत होतात. त्या म्हणाल्या, ते वेगळं आणि हे वेगळं. आणि माझ्या हातात त्यांची पिशवी दिली.

मला वाटलं, काय दिलदार लोक आहेत! पुढे कळलं की इतकं सरळ नाही. २०२२च्या नाताळात रेल्वेच्या टीसींनी आपल्या पगारासाठी संप केला होता, सुमारे दोन लाख प्रवाशांच्या गाड्या रद्द झाल्या. तेव्हा याच आजीबाईंनी पाचाची नोट तर सोडच, एक चांगला शब्द काढला नव्हता. फरक हा की निवृत्तीचं वय सगळ्यांचंच वाढत होतं. दुकानात काम करणाऱ्या पोरीला संप परवडत नाही, मालक दुसरी ठेवेल. मग तिच्या वतीने रेल्वेवाला संप करतो, अशी इथल्या लोकांची समजूत आहे. स्वतःचं दुखणं त्यात असलं की गैरसोय पचते, नसलं की नाही पचत. माणूस इथून तिथून सारखाच आहे.

आता आपल्याकडचं बघ. इथे तो निवृत्तीचा कायदा रेटला त्याच आठवड्यात, १४ मार्च २०२३ला, राज्यातले सरकारी कर्मचारी संपावर गेले. 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. १ नोव्हेंबर २००५पासून नोकरीत लागलेल्यांनाही जुनी पेन्शन हवी, ही मागणी. पहिल्याच दिवशी विधिमंडळात संप रोखणारा मेस्मा कायदा मंजूर झाला. त्या मार्चमध्ये आमच्या घरी माजघरापर्यंत कापूस भरला होता. आदल्या हंगामात भाव दहा हजारांवर गेला म्हणून लोकांनी विकला नव्हता, आणि भाव आठ हजारांच्या मागेपुढे रेंगाळत होता. व्हिडिओ कॉलवर आई बोलता बोलता सारखी हात खाजवायची. घरात साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, तुला सांगायला नको. त्यात अवकाळी पाऊस आला, हरभरा-गहू झोपला. पंचनाम्याला तलाठी पाहिजे, आणि तलाठी संपावर. आई म्हणाली, "आमाले कोनती पेन्शन बाप्पा? जुनी का नवी?"

तिला काय उत्तर देणार होते मी? गावात कोणी संप केला की आपल्याकडे पहिला प्रश्न 'मागणी काय' हा नसतो. 'पगार किती हाय त्याले?' हा असतो. ज्याच्या घरात महिन्याला ठरलेला पैसाच येत नाही, त्याच्या लेखी ठरलेला पैसा येणारा प्रत्येक जण सुखी. इथल्या मराठी मंडळात कोणी 'आपले लोक कसे एकमेकांचे पाय ओढतात' वगैरे सुरू केलं की माझं डोकं फिरतं. त्यांच्या घरात कापूस भरला नव्हता.

पण हे सगळं इतक्या शहाणपणाने लिहितेय त्यामागे दुसरीच गोष्ट आहे, ती सांगूनच टाकते. माझा दादा एसटीत ड्रायव्हर आहे. २०२१च्या दिवाळीत एसटीचा संप सुरू झाला, महामंडळाचं शासनात विलीनीकरण करा म्हणून. नोव्हेंबरात सरकारने मूळ पगारात अडीच ते पाच हजारांची वाढ दिली, विलीनीकरण दिलं नाही. दादासारखे हजारो लोक तरी अडून बसले. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने २२ तारखेपर्यंत कामावर हजर व्हा म्हटलं, तेव्हा कुठे मिटला. मी नुकतीच इकडे आले होते. सुरुवातीला गावातले लोक डेपोसमोरच्या मंडपात दादाला डबा नेऊन देत. मग मानव विकासची निळी बस बंद पडलेली लोकांना खुपायला लागली. कोरोनानंतर शाळा ऑक्टोबरातच उघडल्या होत्या, आणि पोरींना न्यायला बस नाही. काळीपिवळीवाल्यांनी भाडं मनाला येईल तसं वाढवलं. आमच्या मागच्या गल्लीतली एक पोरगी दहावीला होती. तिच्या बापाने पानठेल्यावर चारचौघांत दादाला विचारलं, "तुमाले सरकारी व्हाचं हाय म्हणून माह्या पोरीनं घरी बसाव का?" दादाजवळ उत्तर नव्हतं. माझ्याजवळही नाही. तिथेच दुसरा एक जण हसत म्हणाला, "याइचं काय, पगार तं चालूच असन घरबसल्या." पगार बंद होता. वहिनीने कानातलं गहाण ठेवलं होतं, ते त्या माणसालाही माहीत होतं, सोनार त्याचाच भाचा. पहिल्याचा राग मला समजतो. दुसऱ्याला मी अजून माफ केलं नाही, गावी गेले आणि तो समोर आला तर बोलतही नाही. इथल्या आजीबाईंनी डब्यात नोट टाकली तेव्हा मला त्यांचं कौतुक वाटलं हे खरं, पण आधी घशाशी आलं ते हे, की माझ्या भावासाठी कोणी असं का नाही केलं. परदेशात राहिलं की असं होतं. समोर काहीही घडो, मन त्याचा हिशोब गावाशी लावत बसतं. तुझंही होईल.

बरं, कागद. हे नीट वाच. लेकीचा जन्मदाखला ग्रामपंचायतीचा असेल तर त्यावरचं गावाचं नाव, तुमच्या दोघांच्या नावाची स्पेलिंगं आणि पासपोर्ट, सगळं अक्षर न् अक्षर जुळवून घे. आमच्या दाखल्यावर माझ्या नावात एक 'ए' जादा होता. इथे राहण्याच्या परवान्याच्या कचेरीतल्या बाईने पेन्सिलीने त्याला गोल केला आणि कागद परत सरकवला. शपथबद्ध अनुवादकाकडून केलेला अनुवाद फुकट, तो पुन्हा करा, त्याचे पैसे पुन्हा भरा. दुरुस्तीसाठी बाबा ग्रामपंचायतीत गेले तर ग्रामसेवक संपावर. इकडे आमची तारीख होती त्या दिवशी ही कचेरीही संपात बंद. पुढची तारीख मिळेपर्यंत हातात नुसती पावती, आणि पावतीवर नवरा विमानात बसायला तयार नाही. सासूबाई तेव्हा यवतमाळला आजारी होत्या. जाता आलं नाही. दोन्हीकडचे संप मला तत्त्वतः मान्य होते, आणि ग्रामसेवकाला मी फोनवरून नको नको ते बोलले. त्याची मला लाज वाटत नाही, इतकं प्रामाणिकपणे सांगते.

आता शाळा. इथे तिसऱ्या वर्षापासून शाळा सक्तीची आहे. तुझी लेक सहाची आहे, म्हणजे वेळेवर येईल, त्याबाबतीत नशीबवान आहेस. आमची लेक आली तेव्हा मोठी होती. भाषा येत नाही म्हणून शाळेने तिला वयापेक्षा एक वर्ग खाली बसवली. तिची गणितं वरच्या वर्गाची होती, पाढे तिशीपर्यंत पाठ होते, पण ते सांगायला मला फ्रेंच येत नव्हतं आणि मुख्याध्यापकांना ऐकायला वेळ नव्हता. अजून ती वर्गात सगळ्यात उंच असते आणि फोटोत मागच्या रांगेत उभी राहते. आजही तो फोटो आला की माझा जीव जळतो. तू आल्या आल्या चाचणी मराठीत किंवा इंग्रजीत घ्या म्हणून लेखी माग. तोंडी बोलू नकोस, इथे कागदाला मान आहे.

संपाच्या दिवशी शाळेचं काय, हे तू विचारलं नाहीस, पण बायको विचारेल. शिक्षकांना दोन दिवस आधी कळवावं लागतं, वहीत चिठ्ठी चिकटवून येते. २००८च्या कायद्याने पंचवीस टक्के किंवा जास्त शिक्षक संपावर असले तर नगरपालिकेने मुलं सांभाळायची. सोय चांगली आहे. पण त्या दिवशी बहुतेक मुलं आजी-आजोबांकडे जातात. आमची लेक जेवणाच्या मोठ्या दालनात, ओळीने रिकाम्या टेबलांमध्ये, एका सांभाळणाऱ्या बाईसोबत दिवसभर चित्रं काढत बसली. संध्याकाळी विचारलं, आपले आजी-आबा इथे का नाही राहत? मी म्हटलं, कापूस कोण विकेल मग.

एकटेपणाचं लोक फार बोलतात. मी बोलत नाही. कामाला लाग, भाषा शिक, रविवारी भाजीबाजारात जा, होतं.

तुझ्या काळजीचं तेवढं थोडक्यात. जाळपोळ होते ती बहुधा मोठ्या शहरांत, मोर्चा संपतो त्या चौकांच्या आसपास, संध्याकाळी. दिवसाच्या मोर्चात लोक पोरं खांद्यावर घेऊन, सॉसेज-पाव खात चालतात. गाड्यांचं आदल्या संध्याकाळी कळतं, कारण कर्मचाऱ्याला ४८ तास आधी नाव द्यावं लागतं. बाहेरच्या माणसाला मोर्चात जायला बंदी नाही. मी गेले नाही. परवाना दर वेळी नवा करावा लागतो, आणि हातात पावती असलेल्या माणसाला कायदा माहीत असला तरी भीती सुटत नाही. बाल्कनीतून पातेलं मात्र वाजवलं, नवरा आत ये म्हणत असताना.

एवढं करून मिळालं काय, हा प्रश्न तुलाही पडेल. कायदा झालाच होता. अडीच वर्षांनी, २०२५च्या ऑक्टोबरात, सरकार वाचवायला पंतप्रधान लकोर्नू यांनी तो स्थगित करायची घोषणा केली. आजीबाईंना मी पेढे दिले, आईने पाठवलेले, जरा वाळलेले.

त्याच महिन्यात, २८ तारखेला, बच्चू कडूंच्या कर्जमाफीच्या मोर्चाचे ट्रॅक्टर नागपूरला पोचले आणि वर्धा रोड बंद झाला. आमच्या गावचेही गेले होते. पानठेल्यावरचे ते दोघंही. दादाची नागपूरची फेरी होती, त्याची बस बुटीबोरीच्या अलीकडे अडकली. आत बसलेले प्रवासी शेतकऱ्यांच्या नावाने बोटं मोडत होते, कोणाला दवाखाना, कोणाला विमान. "यायले काय, फुकटचं पाह्यजे," एक जण म्हणाला. मी फोनवर विचारलं, मग तू काय म्हटलंस? दादा म्हणाला, "म्या काय म्हणू? इंजिन बंद केलं अन् खाली उतरलो. थो दहावीवालीचा बाप भेटला. त्यानं तर्री-पोहे देल्ले."

दुसऱ्या माणसाचं मी विचारलं नाही, आणि दादानेही सांगितलं नाही. तू जन्मदाखल्याचं आधी बघ.